तिसऱ्या साखरेचं दार

३ मार्च

प्रिय टिल्लू,

पाकिटावरचा पत्ता मुद्दाम छापून चिकटवला आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर पत्र न उघडताच बॉयलरखाली गेलं असतं. इथवर वाचलंस म्हणजे फसलास. आता पुढचंही वाचून टाक.

ब्रुअरी कशी चालली आहे ते विचारत नाही. तू ‘एकदम झकास’ म्हणणार, मी ‘वा वा’ म्हणणार, आणि दोघांचाही वेळ फुकट जाणार. मला कोणी काही सांगितलेलं नाही. तुझ्या बायकोने तर अवाक्षरही नाही. मी आपली इथे बसून नुसता तर्क करते, की बाबांनी जन्मभर जपलेलं यीस्ट गेल्या उन्हाळ्यात नासलं, तुला ते ओतून द्यावं लागलं, तेव्हापासून तू मोठ्या कंपनीच्या यीस्टची पाकिटं फोडतोस आणि पाकिटागणिक तुझं तोंड आणखी वाकडं होतं. तर्कच करायचा तर असाही करते, की त्या कंपनीचा माणूस नोव्हेंबरात करार घेऊन येणार आहे. यीस्ट त्यांचं, कृती त्यांची, बाटलीवर नाव त्यांचं आणि टाक्या घासायला तू. त्यावर तू म्हणालास म्हणे, “स्वतःचं यीस्ट असेल तर ब्रुअरी चालवीन, नाहीतर दाराला कुलूप.” तो ‘म्हणे’ चुकून पडला. खोड.

आता मुद्द्याचं. मी मागे तुला एक नळी पाठवली होती, आपल्या ब्रुअरीमागच्या झाडावर सापडलेल्या यीस्टची. ती कचऱ्यात फेकली असं तू गावभर सांगितलंस. ती फ्रिजमध्ये औषधांच्या मागे उभी होती, आणि जानेवारीत तू ती गुपचूप तीन नंबरच्या टाकीत वापरलीस. हाही तर्कच. बिअर गोड राहिली ना?

एक बाटली पाठव. सोबत चिठ्ठी नको, मला तुझ्या शब्दांची सवय राहिलेली नाही.

तुझी ताई

ता. क. झाडाचा विषय निघालाच आहे म्हणून. बाबांचा अंत्यविधी आटोपून आल्यावर मी मागे जाऊन त्या झाडाच्या गाठी खरवडत होते, हे खरं आहे. तू भरल्या घरात सगळ्यांसमोर ओरडलास, “हिला माणसं दिसतच नाहीत, बुरशी दिसते!” यीस्ट ही बुरशीच असते, तेव्हा शास्त्रीयदृष्ट्या तुझं निम्मं वाक्य बरोबर होतं.


२२ मार्च

टिल्लू,

बाटली पोचली. ती लोकरी मोज्यांत गुंडाळून पाठवायची कल्पना चांगली. मोजे धुतलेले असते तर आणखी चांगली. पोस्टमन पार्सल हात लांब करून धरून आला.

पहिला घोट घेतला आणि मी खुर्चीत सावरून बसले. आधी लवंगेचा वास, त्याच्यामागून हिरव्या सफरचंदाचा, आणि अरे वा म्हणेपर्यंत जीभ पाकात रुतली. पेला टेबलावरून उचलताना चिकटला. अशी बिअर माणूस एकदा पितो आणि दुसऱ्यांदा पाहुण्याला देतो.

मग उरलेली प्रयोगशाळेतल्या साखर मोजायच्या यंत्रात घातली. यंत्र काय म्हणालं ते सांगते. तू ‘मला शिकवू नकोस’ म्हणणार, पण पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही, पत्राचा हाच मोठा फायदा. मोड आणलेल्या बार्लीच्या पाण्यात मुख्यतः तीन साखरा असतात. पहिली सुट्या कडीची, ग्लुकोज. दुसरी दोन कड्या जोडलेली, माल्टोज, आणि हीच सगळ्यात जास्त. तिसरी तीन कड्यांची. तिचं नाव माल्टोट्रायोज आहे, पण आपण तिला तिसरीच म्हणू. यीस्टच्या पेशीला तोंड नसतं, दारं असतात. पहिल्या साखरेसाठी दार सताड उघडं. दुसरीसाठी आपल्या झाडावरच्या यीस्टकडे दारं आहेत, चांगली एकाला चार. तिसरी मात्र यातल्या कुठल्याच दारातून आत जात नाही. गंमत अशी, की आत आली असती तर तिच्या कड्या तोडायची कात्री घरात तयार आहे! सगळा स्वयंपाक मांडलेला, आणि पाहुणी बाहेर ताटकळत उभी. तुझ्या टाकीत ती तशीच उरली. हा तुझा गोडवा.

गेले काही दिवस मला दुसरं सुचत नाहीये. ज्याच्याकडे दारच नाही, त्याला दार मिळणार कुठून?

प्रयोगाची रीत ठरलेली आहे. फ्लास्कमध्ये तिसरी साखर भरपूर घालायची आणि पहिली चिमूटभर, जीव राहील इतपत. चिमूट संपली की सगळ्या पेशी भरल्या ताटासमोर उपाशी. मग त्यातल्या थोड्या उचलून नव्या फ्लास्कात टाकायच्या आणि पुन्हा तेच. पेशी कोट्यवधी असतात. प्रत्येक पेशी दुभंगताना आपल्या जनुकांची नक्कल करते आणि नक्कल करताना चुकते. बहुतेक चुका निकामी, काही जीवघेण्या. पण एखादीला चुकून दार फुटलं, तर ते सगळं ताट तिचं एकटीचं. मग फ्लास्क तिच्याच लेकरांचा.

थोडक्यात, एका हट्टी कुटुंबाला कोंडून ठेवायचं आणि आधी कोण बदलतं ते बघत बसायचं. आपल्या घरात हा प्रयोग फसला आहे. पण पेशींना मानापमान नसतो.

मोजे परत पाठवत आहे. धुतले आहेत.

ताई


११ मे

टिल्लू,

काही नाही. फ्लास्क रांगेने उभे आहेत आणि सगळे स्वच्छ. यीस्ट वाढलं की पाणी गढूळ होतं, ताकासारखं. माझ्या फ्लास्कांतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. मी वाचते.

आमचे विभागप्रमुख काल मागे येऊन उभे राहिले. हे गृहस्थ एकटे असले तरी बैठक भरवतात.

“बाई, अजून तेच?”

“तेच.”

“अहो, आठवड्याचं काम आहे. ज्या यीस्टकडे दार आहे त्याचं जनुक काढा, यात बसवा, मोकळ्या व्हा.”

“माझ्या भावाला ते चालणार नाही.”

“का? भाऊ शास्त्रज्ञ आहेत?”

“नाही. पण त्याच्या ब्रुअरीवर पाटी आहे. ‘आमच्या बिअरमध्ये बाहेरचं काही नाही.’ वडिलांनी स्वतः रंगवलेली.”

“मग पाटी बदला,” ते म्हणाले. त्यांना पाटी म्हणजे काय ते कधी कळलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या दारावरची महिन्याला बदलते.

तू पाटी काढलेली नाहीस, पाकिटं फोडायला लागल्यावर तिच्यावर गोणपाट टाकलंस, हे मला कळलं. कोणी सांगितलं ते विचारू नकोस. तुझी बायको मला फोन करत नाही. त्या न केलेल्या फोनवर ती म्हणाली, “ताई, हे रोज पत्रपेटीत डोकावतात. विचारलं तर म्हणतात, विजेचं बिल बघतोय. बिल केव्हापासून फोनवर येतं आपल्याकडे!”

बिल येईपर्यंत हे पत्र वाच.

ताई


२ जुलै

टिल्लू! टिल्लू! पाच नंबरचा फ्लास्क गढूळ झाला!

सकाळी कपाट उघडलं आणि आधी वाटलं चष्म्यावर वाफ आली. चष्मा पुसला. फ्लास्क तसाच. तिसरी साखर मोजली, तर साफ फस्त. मी बाहेरच्या व्हरांड्यात जाऊन उगाच दोनदा येरझारा घातल्या. जिन्यावरच्या बाईंनी विचारलं, “बरं वाटत नाहीये का?” तुझ्या बायकोला मीच फोन केला, तेव्हा तुला हे आधीच कळलं असणार. तरी लिहिते, कारण लिहायला मजा येतेय.

सविस्तर उद्या.

ताई


६ जुलै

टिल्लू,

सविस्तर असं आहे.

पुराव्यासाठी मी ते यीस्ट उबदार जागी वाढवून पाहिलं, अंगात ताप असावा तितक्या उबेत. आपलं झाडावरचं यीस्ट थंडीतलं. इतक्या उबेत ते मान टाकतं. या पठ्ठ्याने मात्र अंगरखा काढून ठेवल्यासारखं ऐसपैस वाढून दाखवलं. म्हणजे हे आपलं नव्हेच. मग हा पाहुणा आला कुठून?

आमच्या विभागप्रमुखांना नवा छंद लागला आहे. ते घरी पाव भाजतात. कणीक थंडीत सावकाश फुगवली तर पाव हलका होतो असं त्यांनी कुठंसं वाचलं, आणि घरच्या फ्रिजमध्ये बायको जागा देईना. तेव्हा त्यांनी कणकेचं पातेलं ओल्या फडक्याने झाकून माझ्या थंड कपाटात ठेवलं. वरच्या फळीवर. खाली माझे फ्लास्क. पाच नंबरचा बरोबर पातेल्याखाली, आणि त्याचं झाकण मी त्याच संध्याकाळी बदलायला सैल करून ठेवलेलं.

माझ्या उत्क्रांतीचा चमत्कार म्हणजे दुकानातलं पावाचं यीस्ट होतं. त्याच्याकडे तिसऱ्या साखरेचं दार आधीपासूनच असतं.

मी पातेलं उचलून त्यांच्या टेबलावर, कागदांच्या मधोमध नेऊन ठेवलं. ते म्हणाले, “अरे, फुगली की छान!”

चार नंबर, सहा नंबर आणि बाकीचे अजून स्वच्छ आहेत. पुढे चालू आहे. तुझ्या बायकोला सांग, मी फोन उचलत नाहीये असं नाही, मला फक्त कोणाशी बोलायचं नाहीये.

ताई


२० जुलै

टिल्लू,

आज पार्सल आलं. रिकामी बाटली. मी ती उलटीसुलटी केली, वास घेतला, आत काही सुकलेलं आहे का ते पाहिलं. लेबल वाचायचं सगळ्यात शेवटी सुचलं. लेबलावर, काळ्या खडूने:

“पाव छान झाला का?”

बाबांना पोचवल्यापासून तुझे मला आलेले हे पहिले शब्द. चार शब्द आणि चारही कुजके. मी इतकी हसले, की विभागप्रमुख बघायला आले, आणि त्यांना बघून पुन्हा हसले.

उत्तर: पाव दगडासारखा झाला होता. आम्हा सगळ्यांना एकेक तुकडा खावा लागला. त्यांनी स्वतः खाल्ला नाही.

कपाटाला मी आता कुलूप घातलं आहे. कुलपाचं वेड आपल्या घराण्यातच आहे म्हणायचं.

ताई


५ सप्टेंबर

टिल्लू,

आठ दिवस हे पत्र मी मुद्दाम लिहिलं नाही. आधी सगळ्या बाजूंनी खात्री केली. दोन नंबरचा फ्लास्क. उबेत ठेवला तर मान टाकतो, म्हणजे आपलाच. थंडीत तिसरी साखर खातो. त्याची जनुकं वाचून घेतली. आपलंच यीस्ट, मागच्या झाडाचं, बाहेरचं काही नाही. आणि दार आहे!

कुठून आलं ते ऐक. मला वाटत होतं, चारांपैकी एखाद्या दाराची चौकट बारीकशा चुकीने रुंद झाली असेल. तसं झालेलं नाही. दुसऱ्या साखरेसाठी ती जी चार दारं होती ना, त्यांची जनुकं गुणसूत्रांच्या टोकांशी असतात. टोकांशी फार उलथापालथ चालते, आणि ही जनुकं एकमेकांसारखी इतकी दिसतात, की तुटलेलं नीट करताना पेशी एकाचा नकाशा बघता बघता दुसऱ्याच्या नकाशात घसरली. सुरुवात एका दाराची, मधला भाग दुसऱ्याचा, शेवट पुन्हा पहिल्याचा. मी दोन्ही मूळ दारं वेगवेगळी तपासली. एकातूनही तिसरी साखर आत जात नाही, थेंबभरसुद्धा नाही. जोडलेल्यातून जाते. दोघांकडेही जे नव्हतं ते दोघांच्या तुकड्यांतून उभं राहिलं. मी चक्रावून गेले आहे. इतकी वर्षं हे पुस्तकातून शिकवते, पण डोळ्यांसमोर झालं की पुस्तक बिनकामाचं वाटतं.

आता तू यातून बहीण-भावाचं काही तात्पर्य काढायला जाशील. खबरदार. मी जनुकं वाचते, बोधकथा सांगत नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहून गेली आहे. दवाखान्यात बाबा मला म्हणाले होते, “मागच्या झाडाला गाठी आल्यात बघ. मऊ झाल्या की बिअरसारखा वास येतो त्यांना. कोण राहतं आत, बघून सांग मला.” मी म्हटलं, बघते. मग सांगायला ते राहिले नाहीत. त्या दिवशी आत सगळे बसले होते, दाराशी बाबांचे गमबूट होते, उजव्याला चिखल तसाच. मला तिथे बसवेना. मागे जाऊन खरवडत बसले. तुझ्या लेखी मी रडत नव्हते.

तर बाबांना सांगायचं ते एवढंच: आत कोण राहतं ते कळलं.

नळी सोबत आहे. ही औषधांच्या मागे ठेवू नकोस.

ताई

सूचना: हे यीस्ट तिसऱ्या साखरेकडे वळायच्या आधी मध्येच थांबतं. आधी पहिली खातं, मग दुसरी, मग बुडबुडे बंद होतात आणि तू समजशील की मेलं. मेलेलं नसतं, तिसरीची तयारी करत असतं. तेव्हा घाईने बाटल्या भरू नकोस, फुटतील. आणि ओतून तर मुळीच देऊ नकोस.


१७ ऑक्टोबर

टिल्लू,

सूचना वाचायची तुझी रीत मला लहानपणापासून माहीत आहे. तरी आशा होती.

काल तुझ्या बायकोचा फोन आला. आता लपवण्यात अर्थ नाही, फोन तिचेच येतात. “ताई, बुडबुडे थांबले. हे टाकीच्या तोटीशी उभे आहेत. म्हणतात, पुन्हा गोडच राहिली, ओततो. हात तोटीवरच आहे हो!”

मी म्हटलं, “त्याला सांग, माझं पत्र वाच.”

“पत्र टाकीला टेकण म्हणून लावलंय.”

“चव घेतली का?”

“घेतली. गोड आहे.”

“गोडच असणार. दुसरी संपली, तिसरी व्हायची आहे. त्याला तोटीवरून हात काढायला सांग.”

“ताई म्हणतात हात काढा!” हे ती फोन बाजूला न करता ओरडली, माझा कान अजून वाजतोय. मग फोन कोणीतरी दुसऱ्याने हातात घेतला. काही न बोलता. नुसता श्वास, जरा दमेकऱ्यासारखा, नाकातून. आमच्या घरच्या धाकट्याला नाकाची तक्रार पाळण्यापासूनच आहे. मी पण काही बोलले नाही. म्हटलं, आपण कशाला सुरुवात करा.

आणि मग त्या ‘कोणीतरी’ने फोन टाकीच्या बुडबुड्याच्या नळीपाशी नेऊन धरला.

कितीतरी वेळ काही नाही. कुठेतरी पाण्याची टपटप, लांबून तुझ्या बायकोचं खोकणं. मी प्रयोगशाळेत खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. विभागप्रमुख आत डोकावले, मी त्यांना ओठांवर बोट ठेवून घालवलं. आणि मग:

गुळुक.

मग बराच वेळ गेला. मला वाटलं, भास झाला. मग पुन्हा गुळुक. मग जरा लवकर, गुळुक, गुळुक.

फोनवरच्या त्या ‘कोणीतरी’ने नाक ओढलं आणि फोन बंद केला.

ते नाकाच्या तक्रारीमुळेच असणार.

ताई


२१ नोव्हेंबर

टिल्लू,

कंपनीचा माणूस येऊन गेल्याचं सगळं तुझ्या बायकोने नाट्यासकट ऐकवलं. तिला फोनवर दोन्ही आवाज काढता येतात हे मला माहीत नव्हतं. त्याने पेला भरून घेतला, उजेडात धरला, प्यायला, पुन्हा प्यायला. मग म्हणाला, “ही आमच्या कुठल्या पाकिटाची?”

तू म्हणालास, “मागच्या झाडाची.”

“कुठल्या मागच्या?”

“ब्रुअरीच्या मागच्या.”

त्याला वाटलं तू थट्टा करतोयस. मग करार बॅगेत परत घालता घालता म्हणाला, “थोडं यीस्ट बघायला मिळेल का?” तू म्हणालास, “बहिणीला विचारावं लागेल.”

हे वाक्य मी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. पहिल्यांदा ऐकू आलं नाही असं सांगून.

तिला म्हटलं, पाटीवरचं गोणपाट काढलं का? ती म्हणाली, “तो माणूस फाटकाबाहेर जायच्या आत.”

आज तुझी बाटली आली. या खेपेला मोजे नवे होते. तुझी बिअर मी जपून, सगळ्यांना बाहेर काढून प्यायले. लवंग आहे, सफरचंद आहे, आणि शेवटी जीभ मोकळी, कोरडी, आणखी एक घोट मागणारी. ही बाबांची बिअर नाही, हे आपण दोघांनीही मान्य करू. बाबांना ती आधी आवडली नसती. दुसऱ्या पेल्यानंतर त्यांनी विचारलं असतं, आत कोण आहे.

बाटली संपल्यावर लेबल पाहिलं. आता मी लेबल आधी पाहत नाही, शेवटासाठी राखून ठेवते. काळा खडू, तेच गिचमिड अक्षर:

“ताई, झाडाला यंदा पुन्हा गाठी आल्यात. वरच्या फांदीला. मला खरवडता येत नाही. कधी येतेस?”

शनिवारच्या पहिल्या गाडीने येते. शिडी काढून ठेव. चाकू मी आणेन, तुझे सगळे बोथट असतात. आणि दाराशी बाबांचे गमबूट अजून असतील तर ते तसेच राहू देत, मागे चिखल असतो, मला घालायला होतील.

ताई